बंदूक, दुर्बीण आणि पाऊस

सुशिक्षित कुटुंबांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस पक्षी पाहण्याचा छंद लागला, कीं थोड्याच दिवसांत त्या घरांत दुर्बिणीचा प्रश्न निघतो. वडील मंडळी बाजारांत जातात आणि दुकानदार त्यांच्यापुढें आठ-दहा दुर्बिणी मांडून ठेवितो. प्रत्येकीवर कांहीं आंकडे कोरलेले असतात. प्रत्येकीच्या पत्रकांत 'वॉटरप्रूफ', 'नायट्रोजन भरलेली', 'रूफ प्रिझम' अशीं विशेषणें असतात. आणि किंमतींत तर एकीचें दुसरीशीं मुळींच नातें नसतें. ह्या गोंधळांत बहुधा जिचे आंकडे सर्वांत मोठे तीच दुर्बीण घरीं येते, आणि वर्ष सरतें न सरतें तोंच ती कपाटांत जाऊन बसते. आमच्या मतें ह्याचें कारण असें, कीं ह्या आंकड्यांचा व विशेषणांचा अर्थ त्यांच्या इतिहासावांचून नीट उलगडत नाहीं. आज दुर्बिणीच्या अंगीं जो जो गुण आपण शोधतों, तो तो पूर्वीं केव्हां तरी अनुभवास आलेल्या एखाद्या दोषावरील उपाय आहे. दोष कोणता हें ज्यास ठाऊक, त्यासच गुणाची पारख करितां येते. शिवाय ह्या इतिहासांत यंत्रविद्येहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. पक्ष्याचें नांव जाणून घेण्यासाठीं त्याचा जीव घ्यावा लागे, ती पाळी ज्या साधनानें टाळली, तें हें साधन होय. म्हणून हा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुर्बीण हा शब्द मूळचा फारसी. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. यंत्राचा जन्म मात्र हॉलंडांतला. १६०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मिडलबर्ग गांवच्या हान्स लिपरहे नांवाच्या चष्मेवाल्यानें दूरचे पदार्थ जवळ दाखविणारी एक नळी तयार केली आणि तिच्या हक्कासाठीं नेदरलंडच्या राज्यसभेकडे अर्ज केला. सभासदांनीं नळी पाहिली आणि लागलीच त्यास विचारलें, कीं दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल असें कांहीं करून देशील काय? लिपरहेनें तसें करून दिलें आणि त्यास त्याचा मोबदलाही मिळाला. परंतु ही विद्या इतरांसही अवगत असल्याच्या कारणावरून हक्क मात्र नाकारण्यांत आला. म्हणजे एकनळीच्या पाठोपाठ दुनळी दुर्बीणही जन्मास आली म्हणावयाची.

तथापि पुढें जवळजवळ दोनशें वर्षें ही धाकटी बहीण मागेंच राहिली. १६०९ सालीं गॅलिलिओनें दुर्बीण आकाशाकडे वळविली, आणि आकाश पाहण्यास एक डोळा पुरे होतो. गॅलिलिओच्या नळींत पुढें बहिर्गोल व डोळ्यापाशीं अंतर्गोल भिंग असे. ह्या रचनेंत चित्र सुलट दिसतें. परंतु शक्ति वाढवावी तसतसें दृश्याचें वर्तुळ आकसत जाऊन अखेरीस भिंतीच्या भोंकांतून पाहिल्यासारखी स्थिति होते. १६११ सालीं केप्लरनें दोन्ही भिंगें बहिर्गोल घेण्याची युक्ति सुचविली. तिनें वर्तुळ मोठें झालें, पण चित्र उलटें दिसूं लागलें. तारा उलटा दिसला काय आणि सुलटा दिसला काय, ज्योतिष्यास त्याचें कांहीं नाहीं. झाडावरील पक्षी मात्र खालीं डोकें वर पाय असा दिसून चालत नाहीं. अधिक भिंगें घालून तो सुलट करावा, तर नळी हातभर लांब होते. विस्तीर्ण दृश्य, सुलट चित्र आणि आटोपशीर आकार ह्या तिहींचा मेळ कसा घालावा, हें कोडें अडीचशें वर्षें सुटलें नाहीं.

तोंवर लोकांनीं गॅलिलिओच्या रचनेवरच समाधान मानिलें. १८२३ सालीं व्हिएन्ना येथील फॉइग्टलेंडर नांवाच्या कारागिरानें तशा दोन छोट्या नळ्या जोडून नाटकगृहांत वापरावयाची दुर्बीण तयार केली. तिची शक्ति तीनपट-चारपट एवढीच. ती रंगभूमीवरील नटीचा चेहरा न्याहाळण्यासाठीं निर्माण झाली. पुढें घोड्यांच्या शर्यतींत व लष्करांतही तिचा शिरकाव झाला. ह्या चैनीच्या वस्तूचा पक्ष्यांशीं कांहीं संबंध येईल, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही नसेल.

कारण पक्षिविद्येचें हत्यार त्या काळीं बंदूक हेंच होतें. पक्षी मारावयाचा, त्याचें कातडें काढून त्यांत कापूस भरावयाचा, आणि मापें घेऊन चिठ्ठी बांधावयाची, ही त्या शास्त्राची रीति. आपल्या देशांतील उदाहरण द्यावयाचें तर राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्ध असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम साहेबांचें देतां येईल. हे गृहस्थ हिंदुस्थानच्या पक्षिविद्येचेही धुरीण होते. राष्ट्रीय सभा ज्या १८८५ सालीं भरली, त्याच सालीं त्यांनीं आपला पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला अर्पण केला. त्यांत साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचीं कातडीं होतीं. ह्या संग्रहावांचून आज आपणांस ठाऊक असलेलें पुष्कळसें ठाऊक झालें नसतें, म्हणून आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. परंतु मेलेला पक्षी आपल्या पिसांचा रंग सांगतो, तशी आपल्या संसाराची हकीकत सांगत नाहीं. तो घरटें कसें बांधतो, पिलांस काय भरवितो, जोडीदाराशीं कसा वागतो, हे प्रश्न बंदुकीच्या टप्प्यापलीकडचे होते. व्याधानें मारिलेल्या क्रौंचाच्या शोकांतून ज्या देशांत आदिकाव्य जन्मलें, त्या देशांतील वाचकांस ह्या उणीवेचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

ही उणीव प्रथम एका तरुण स्त्रीनें भरून काढण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेंत त्या काळीं स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें, किंबहुना सबंध पक्षीच खोंवण्याची आवड बोकाळली होती. फ्लॉरेन्स मेरियम ह्या तरुणीनें कॉलेजांत शिकत असतांनाच १८८६ सालीं आपल्या सोबतिणींत ह्या आवडीविरुद्ध चळवळ आरंभिली, आणि त्यांस जिवंत पक्षी दाखविण्यासाठीं ती त्यांना रानांत घेऊन जाऊं लागली. १८८९ सालीं तिनें लिहिलेल्या पुस्तकाचें नांवच मुळीं 'नाटकी दुर्बिणींतून दिसणारे पक्षी' अशा अर्थाचें होतें. पुढें १९०० सालच्या नाताळाच्या दिवशीं फ्रँक चॅपमन ह्या पक्षितज्ज्ञाच्या सूचनेवरून सत्तावीस मंडळींनीं पक्ष्यांची शिकार करण्याऐवजीं त्यांची मोजदाद केली. ती प्रथा अद्याप चालू आहे. १९०१ सालीं इंग्लंडमध्यें एडमंड सिलूस ह्या लेखकाचें पक्षिनिरीक्षणावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यानें स्वतः बंदूक टाकून दुर्बीण हातीं घेतली होती, आणि आज सर्वत्र रूढ असलेलें ह्या छंदाचें इंग्रजी नांव त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकावरूनच प्रचारांत आलें असें मानितात. अशा रीतीनें ज्या वेळीं मनें बदलत होतीं, नेमक्या त्याच वेळीं यंत्रही बदललें. हा केवळ योगायोग होता. पण तो फार शुभ होता.

यंत्रांतील तो बदल लोलकाचा. इग्नाझिओ पोर्रो ह्या इटालियन यंत्रज्ञानें १८५४ सालीं कांचेचे लोलक एकमेकांशीं काटकोनांत बसवून केप्लरचें उलटें चित्र सुलट करण्याची रचना शोधून काढली. किरण लोलकांत पुढें-मागें वळत असल्यामुळें नळीची लांबीही आंखडली. अडीचशें वर्षांचें कोडें कागदावर सुटलें. प्रत्यक्षांत मात्र सुटलें नाहीं, कारण एवढ्या जाड कांचेंतून प्रकाश स्वच्छ पार होईल अशी कांचच त्या काळीं कोणास करितां येत नव्हती. जर्मनींतील येना येथील एर्न्स्ट आबे ह्या पदार्थविज्ञान्यानें पोर्रोची माहिती नसतांना तीच कल्पना स्वतंत्रपणें काढिली व १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनांत तसें एक यंत्र मांडलें. परंतु तेंही कांचेपायीं अडलें. तेव्हां आबेनें ओटो शॉट ह्या रसायनज्ञास हाताशीं धरिलें, आणि १८८४ सालीं येना येथें भिंगांच्या कांचेचा स्वतंत्र कारखाना निघाला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८९४ सालीं, झाइसच्या कारखान्यानें लोलकाच्या दुर्बिणी बाजारांत आणिल्या. ह्याच आबेनें पुढें १९०० सालीं त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस सुरू केला, हेंही जातां जातां सांगावयास हवें. पक्षिनिरीक्षकांस आठपट शक्तीची, विस्तीर्ण दृश्याची व हातांत मावणारी दुर्बीण मिळाली ती येथपासून.

पुढची सुधारणा युद्धाच्या छायेंत झाली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, तेव्हां उत्तम भिंगांची विद्या मुख्यतः जर्मनीच्या हातीं असल्याचें इंग्लंडला कळून चुकलें. लॉर्ड रॉबर्ट्‌स ह्या वृद्ध सेनापतीस लोकांकडे त्यांच्या घरच्या दुर्बिणी सैन्यासाठीं मागण्याची वेळ आली. अमेरिकेच्या नौदलानेंही पुढें तोच मार्ग अवलंबिला. दोन युद्धांच्या मधल्या काळांत, १९३५ सालीं, झाइसच्या कारखान्यांतील स्माकुला ह्या शास्त्रज्ञानें भिंगावर अत्यंत पातळ लेप देण्याची रीति काढिली. तिचें महत्त्व समजण्यास थोडें गणित करावें लागेल. साध्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें चार भाग परत फेंकतो. दुर्बिणींत असे दहा पृष्ठभाग असले, तर शंभरांतील सुमारें सहासष्ट भागच डोळ्यापर्यंत पोंचतात. उरलेल्यांपैकीं कांहीं प्रकाश नळींत भटकून चित्र फिकें करितो. लेपानें ही गळती बहुतांशीं थांबली. पहांटेच्या व तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत, म्हणजे पक्षी सर्वांत अधिक हिंडतात त्या वेळीं, ह्या सुधारणेची किंमत कळते.

एवढें झालें तरी एक शत्रु शिल्लक राहिला होता. तो म्हणजे पाणी. आणि आपल्या देशांत हा शत्रु चार महिने मुक्कामास असतो. पक्ष्यांचें पुष्कळसें खरें चरित्र आपल्याकडे ह्या चार महिन्यांतच घडतें. चातक पावसाबरोबर येतो. नवरंगाची शीळ पहिल्या सरींबरोबर रानांत घुमूं लागते. कर्नाळ्याच्या ओढ्यांकाठीं तिबोटी खंड्या ह्याच दिवसांत बीळ कोरतो. आणि सुगरण पक्ष्याचीं घरटीं पावसाळ्यांतच लोंबतात. १९३० सालीं डॉ. सालीम अली ह्यांनीं अलिबागजवळील किहीम येथें सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस पाहिली. घरटें विणणारा नर असतो; मादी अर्धवट विणलेलें घरटें पारखून पसंत करिते; आणि तिचा संसार मांडून दिल्यावर नर दुसरें घरटें विणावयास घेतो, हा सारा व्यवहार त्यांनीं उजेडांत आणिला. बंदुकीनें हें ज्ञान हजार वर्षांतही हातीं आलें नसतें. आणि जो मनुष्य पावसास भिऊन दुर्बीण घरीं ठेवील, त्याच्याही हातीं तें येणार नाहीं.

जुन्या दुर्बिणींत पाणी शिरे तें कसें, हें समजून घेणें उद्बोधक आहे. तिच्या मध्यावरील चाक फिरविलें, कीं डोळ्यांकडील नळ्या पुढें-मागें सरकत. त्या बाहेर आल्या कीं आंत हवा ओढली जाई, आंत गेल्या कीं बाहेर टाकली जाई. म्हणजे प्रत्येक वेळीं पक्षी स्पष्ट करून घेतांना निरीक्षक नकळत पंपच चालवीत असे, आणि त्या पंपानें कोंकणची दमट हवा भिंगांपर्यंत पोंचे. रात्रीं गारवा पडला कीं त्या हवेंतील बाष्प भिंगांच्या आंतल्या बाजूस धुकें होऊन बसे. तें पुसावयास हात पोंचत नसे. धुकें वाळलें तरी बुरशी मागें राही. ही बुरशी लेप खाऊन अखेरीस कांचेवरही कायमचे ओरखडे उठविते. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या रानांत ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दुर्बिणी ह्याच कारणानें थोडक्या अवधींत निकामी होऊं लागल्या, तेव्हां मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्रज्ञांस बुरशीनाशक द्रव्यें शोधण्याच्या कामास लागावें लागलें. नौदलानें प्रत्येक डोळ्याचें नेत्रभिंग स्वतंत्र फिरविण्याची, घट्ट बंद करितां येईल अशी रचना पत्करिली होती. परंतु क्षितिजावरील जहाजास ती पुरते, या फांदीवरून त्या फांदीवर उडणाऱ्या पक्ष्यास नाहीं.

ह्यांतून वाट निघाली ती रूफ प्रिझमच्या दुर्बिणींनीं. ह्या लोलकांत किरण शेवटीं जवळजवळ त्याच रेषेंत बाहेर पडतात, म्हणून नळ्या सरळ राहतात. जर्मनींतील वेट्झलार येथील हेन्सोल्टच्या कारखान्यानें अशा दुर्बिणी १९०५ पासूनच काढिल्या होत्या. सरळ बंद नळींत आंतल्या आंत एक लहान भिंग सरकवून चित्र स्पष्ट करण्याची योजना पुढें रूढ झाली, आणि पंप बंद पडला. मग सांध्यांत रबरी कडीं बसवून आंतील दमट हवा काढावी व कोरडा नायट्रोजन वायु भरावा, एवढेंच उरलें. नायट्रोजनाच्या अंगीं कांहीं जादू नाहीं. त्याचा गुण तो कोरडा असतो हाच. मात्र रूफ प्रिझममध्यें एक उणेपणा होता. त्याच्या छपरासारख्या कडेवर किरणांचे दोन भाग होत आणि ते पुन्हां जुळतांना एकमेकांशीं किंचित् विसंगत होऊन चित्राची धार बोथट करीत. १९८८ सालीं झाइसनें लोलकावर एक निराळा लेप देऊन हा दोष घालविला. त्यानंतरच्या दशकांत धारदार चित्र आणि पावसास दाद न देणें हे दोन्ही गुण एकाच दुर्बिणींत सर्रास नांदूं लागले.

आतां दुकानांत परत जाऊं. दुर्बिणीवर ८×४२ असे आंकडे असतील, तर पहिला आंकडा शक्तीचा व दुसरा पुढील भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा होय. शक्तीचा लोभ धरूं नये. दहापटींच्या वर हाताचा कंपही तितक्याच पटीनें वाढतो आणि दृश्याचें वर्तुळ आकसतें. आठपट शक्ति बहुतेकांस पुरे होते. व्यासास शक्तीनें भागिलें असतां डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४२ भागिलें ८, म्हणजे सव्वापांच मिलिमीटर. अंधारांत तरुणाची बाहुली सुमारें सात मिलिमीटर विस्फारते, व वयाबरोबर हें प्रमाण घटत जातें. म्हणून सव्वापांचाचा झोत सांजसकाळच्या उजेडांत घरांतील थोर-लहान सर्वांस उपयोगी पडतो. दुर्बीण हात लांब करून आकाशाकडे धरावी. नेत्रभिंगांत दिसणारें तेजाचें वर्तुळ वाटोळें असावें. तें कडांनीं कापलेलें किंवा चौकोनी दिसलें, तर लोलक हलक्या प्रतीचा समजावा. मग दूरच्या घराचें आढें पहावें. तें दुहेरी दिसलें, किंवा थोड्या वेळानें कपाळ दुखूं लागलें, तर दोन्ही नळ्या समांतर नाहींत. अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी घेऊं नये. चष्मा वापरणाऱ्यानें नेत्रभिंगापासून निदान पंधरा मिलिमीटर अंतरावर संपूर्ण दृश्य दिसतें ना, हें चष्मा न काढतां पहावें. वजनाचाही विचार करावा; ह्या आकाराची दुर्बीण साधारणतः ६०० ते ८०० ग्रॅम भरते, आणि सकाळभर तें ओझें मानेनेंच वाहावयाचें असतें.

पाण्याविषयीं मात्र शब्दांवर भिस्त ठेवूं नये. पावसाचे तुषार सोसणारी दुर्बीण आणि पाण्यांत बुडूनही कोरडी राहणारी दुर्बीण ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. किती खोल पाण्यांत किती वेळ टिकेल, हें पत्रकांत आंकड्यांनीं लिहिलेलें असावें. आय.पी.एक्स. ७ ह्या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास असा आहे. त्याबरोबर कोरडा वायु भरल्याचा व रूफ प्रिझम असल्यास वर सांगितलेल्या लेपाचा स्पष्ट उल्लेख असावा. अशा बंद दुर्बिणीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाहीं. समुद्रकांठचें मीठ व वाटेची धूळ गोड्या पाण्याखालीं धुवून काढितां येते, आणि कोरड्या फडक्यानें घासून भिंगांवर चरे पाडण्याचा प्रसंग टळतो. तरी रबरी कडींही कालांतरानें झिजतात. म्हणून पावसाळ्यांत दुर्बीण चामड्याच्या ओलसर पिशवींत न ठेवितां सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

येथें कोणी म्हणेल, कीं इतके सर्व गुण ज्या दुर्बिणींत आहेत तिची किंमत मध्यम स्थितींतील कुटुंबास झेपणारी नाहीं. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यांत अर्थ नाहीं. त्यावर आमचें उत्तर दुहेरी आहे. ज्यांस मुख्यतः हिंवाळ्यांत भिगवणच्या किंवा नांदूर-मध्यमेश्वरच्या पाण्यावरील परदेशी पाहुणे पहावयाचे आहेत, त्यांस पोर्रोच्या जुन्या धर्तीची चांगली दुर्बीण तेवढ्याच पैशांत बहुधा अधिक धारदार चित्र देईल, कारण तिच्या लोलकांस त्या खर्चिक लेपाची गरज लागत नाहीं. ज्यांचें मन पावसाळी रानाकडे धांव घेतें, त्यांनीं मात्र शक्ति व डौल ह्यांवरील खर्च आंखडून तो बंदिस्तपणावर करावा. आणि जेथें एका घरास हें जमत नसेल, तेथें शाळेनें किंवा गांवच्या वाचनालयानें पुस्तकांप्रमाणें दोन उत्तम दुर्बिणी ठेवण्यास काय हरकत आहे? १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपाशींच १९०८ सालीं एक लहान मुलगा आपल्या छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन, हिचें नांव काय, म्हणून विचारावयास गेला होता. त्या मुलाचे पुढें डॉ. सालीम अली झाले. शास्त्राचा आरंभ त्या दिवशीं एका मेलेल्या चिमणीपासून झाला, कारण त्या मुलाच्या हातीं दुसरें साधन नव्हतें. आजच्या मुलाच्या हातीं तें देतां येतें. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तेंच देणें योग्य आहे. मग त्याच्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावरही चिमणी उडून जाण्यास मोकळी राहील.